गुंठ्याएवढा चौकोन

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या प्रतिमेतला सर्वांत लहान चौकोन जमिनीवर दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असतो. म्हणजे शंभर चौरस मीटर. आपला गुंठा भरतो एकशे एक चौरस मीटर आणि वर थोडा. हा उपग्रह आखणाऱ्यांनी गुंठ्याचं नावही ऐकलं नसणार, पण कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात काम करताना या योगायोगाने माझं निम्मं बोलणं सोपं केलं. 'रिझोल्यूशन' म्हणजे काय ते समजावत बसण्यापेक्षा "उपग्रहाला तुमचा एकेक गुंठा वेगळा दिसतो," एवढं म्हटलं की पारावर बसलेल्या सगळ्यांना नेमकं कळायचं. आणि लगेच कुणीतरी विचारायचं, "मग बांधावरचा गुंठा कुणाच्या नावावर धरतोय त्यो?"

प्रश्न चेष्टेत विचारलेला असला, तरी माझ्या कामातला तोच सर्वांत अवघड प्रश्न होता. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातली सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर आहे, म्हणजे सव्वातीन एकर. तीही सलग नसते. शंभर मीटर लांब आणि वीस मीटर रुंद अशी वीस गुंठ्यांची पट्टी घ्या. तिच्या रुंदीत नशिबानेच दोन चौकोन नेमके बसतात. बहुतेक वेळा मधली एकच रांग निखळ आपली असते आणि दोन्ही कडेचे चौकोन शेजाऱ्याशी वाटलेले. शेजाऱ्याने ऊस तोडून नेला, की आपला उभा ऊस नकाशावर अर्धा आजारी दिसतो.

मी कृषी अभियांत्रिकी शिकले, नंतर दूरसंवेदनाचं शिक्षण घेतलं आणि सांगली-कोल्हापूर भागातल्या एका साखर कारखान्याच्या शेतकी विभागात लागले. नोंदीचा सगळा ऊस नकाशावर आणायचा, त्याच्या वाढीवर वरून नजर ठेवायची आणि कुठे काही बिनसलं तर शेतकी विभागाला कळवायचं, असं कामाचं स्वरूप होतं. त्याआधी ही सगळी माहिती चिटबॉयच्या, म्हणजे गावोगावच्या उसाची नोंद ठेवणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या वहीत असायची आणि वहीपेक्षा जास्त त्याच्या डोक्यात.

यातलं शास्त्र तसं सरळ आहे. हिरवं पान अन्न तयार करण्यासाठी लाल प्रकाश शोषून घेतं आणि आपल्या डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश भरपूर परतवतं. पान पिवळं पडलं, सुकलं, की दोन्हींचं प्रमाण बिघडतं. अवरक्तातून लाल वजा करायचा, आलेल्या आकड्याला दोन्हींच्या बेरजेने भागायचं, की एनडीव्हीआय हा निर्देशांक मिळतो. भारतात दूरसंवेदनाचा पाया १९७० च्या सुमारास केरळातल्या नारळबागांवर घातला गेला. प्रा. पी. आर. पिशरोटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अवरक्त फिल्मवर वरून छायाचित्रं घेऊन नारळाचा मूळमर रोग शोधण्याचा प्रयोग केला. १९८८ मध्ये आपला आयआरएस-१ए उपग्रह गेला. त्याच्या अधिक बारकाईने पाहणाऱ्या कॅमेऱ्याचा चौकोन छत्तीस मीटरचा होता, म्हणजे एका चौकोनात तेरा गुंठे. सेंटिनेल-२ ची जोडी २०१७ मध्ये पूर्ण झाली आणि दर पाच दिवसांनी, गुंठ्यागुंठ्याचा आणि कुणालाही फुकट मिळणारा नकाशा हाती आला.

उसाची एक अडचण मात्र पुस्तकातल्या गव्हापेक्षा वेगळी आहे. ऊस डोक्याएवढा झाला आणि सरी झाकली, की एनडीव्हीआयचा आकडा वर जाऊन तिथेच बसतो. बरा ऊस आणि उत्तम ऊस यांतला फरक त्याला दाखवता येत नाही. मग लाल आणि अवरक्ताच्या सीमेवरचे, ज्यांना रेड-एज म्हणतात ते पट्टे वापरावे लागतात. ते जास्त हळवे असतात, पण त्यांचा चौकोन वीस मीटरचा, म्हणजे चार गुंठ्यांचा.

पहिलं मोठं काम हद्दींचं निघालं. गटाचे नकाशे संगणकावर आहेत, पण सातबाऱ्यावरचा गट आणि रानातली वहिवाट यांचा मेळ क्वचितच लागतो. एका गटात चार भाऊ, चौघांची वाटणी तोंडी, एकाचा पावसाळ्यात लावलेला आडसाली ऊस, दुसऱ्याचा तोडणीनंतर बुडख्यातून फुटलेला खोडवा, तिसऱ्याचं सोयाबीन, चौथा पुण्याला आणि त्याचं रान वाट्याने दिलेलं. सरकारच्या ई-पीक पाहणीत २०२१ पासून शेतकरी स्वतःच आपल्या पिकाचा फोटो जागेसह नोंदवू लागला, त्याने पिकाची नोंद सुधारली. पण भावाभावांतली रेघ कुठे आहे, ते तिथे जाऊनच कळतं. फोन खिशात ठेवून बांधाबांधाने चालायचं आणि रेघ उमटवत जायची, एवढीच त्याची रीत. फोनचा जीपीएस मोकळ्या रानातही तीन ते पाच मीटर इकडेतिकडे होतो. हे तंत्राच्या दृष्टीने चालण्यासारखं असलं, तरी बांधाच्या भांडणात पाच मीटर म्हणजे फार झालं. एका ठिकाणी दोघं चुलते माझ्या फोनकडे बघत उभे राहिले आणि थोरले म्हणाले, "पोरी, ह्याचा कागूद देऊ नगंस कुणाला. कोर्टात लावतील." तेव्हापासून आमच्या प्रत्येक नकाशावर 'हद्दीचा पुरावा नाही' असं ठळक छापायची पद्धत पडली.

हद्दी झाल्यावर डाग दिसू लागले. पाऊस सरत आला की नकाशावर काही शेतांत हिरव्याच्या मध्ये पिवळे, लाल ठिपके उमटत. सुरुवातीला आम्ही सगळ्या उसाला एकच मोजपट्टी लावली आणि खोडवा सगळीकडे आजारी दिसू लागला. मग एकाच जातीचा, एकाच महिन्यात लावलेला, एकाच प्रकारचा ऊस एकत्र करून त्यातलं कोणतं शेत इतरांपेक्षा मागे पडतंय, ते पाहायला लागलो. को ८६०३२ जातीचा आडसाली ऊस शेजारच्या को ८६०३२ च्या आडसालीशीच ताडायचा. या एका बदलाने यादी आटोक्यात आली.

अशाच एका यादीत एका विधवा काकूंचं रान होतं. मी टॅबवर नकाशा दाखवला, मधला लाल डाग दाखवला. त्यांनी नीट पाहून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजी पोरगं रडतंय एवढं कळलं. पोट दुखतंय का दात येत्यात, ते न्हाई कळलं." दूरसंवेदनाची इतकी नेमकी परीक्षा मी कुठल्या व्याख्यानात ऐकलेली नाही. त्यांच्या शेतात आम्ही डागाच्या मधोमध गेलो. वाळलेला ऊस हाताने ओढला, तर बुडासकट उपटून आला. कुदळीने माती उकरली, मुळांशी पांढऱ्या, सी आकाराच्या अळ्या. हुमणी.

पुढच्या गावात तोच रंग, तेवढाच डाग. तिथे मुळं शाबूत होती, पण पानांच्या शिरा हिरव्या आणि शिरांमधला भाग पिवळाफिकट. चुनखडीच्या रानात लोह पिकाला मिळत नाही, त्यातून येणारा हा केवडा. तिथे फेरस सल्फेटची फवारणी. तिसऱ्या शेतात चिटबॉय मामांनी नकाशा पाहूनच सांगितलं, "तितं आधी वड्याची वाट हुती. बुजवून रान केलंय. पावसाळ्यात दरसाल तितं पिवळंच असतंय." तिथे औषध नको होतं, चर हवा होता. तीन शेतं, तीन कारणं आणि उपग्रहाच्या लेखी एकच लाल रंग. हुमणीचं औषध ओढ्याच्या वाटेवर ओतलं असतं, तर पैसा पाण्यात आणि विष मातीत गेलं असतं.

या मामांबद्दल थोडं लिहायला हवं. नकाशे सुरू झाले तेव्हा चिटबॉय मंडळींना वाटलं, आपली चोरी पकडायला ही बाई आणलीय. त्यांचं चुकलं नव्हतं. लागण झाली नसताना नोंद, नोंदीपेक्षा कमी क्षेत्र, अशा गोष्टी नकाशावर दिसतातच आणि कार्यालयात काहींना नकाशा हवा होता तो त्याचसाठी. पण डागाचं कारण सांगायची वेळ आली, की कार्यालयातलं कुणी उपयोगाचं नसायचं. कोणत्या विहिरीचं पाणी मचूळ, कुणी खत उशिरा दिलं, कुणाची मोटर जळाली होती, हे मामांनाच माहीत. नंतर आम्ही त्यांना नकाशाची यादी देऊन 'तपासा' म्हणणं बंद केलं. यादी त्यांच्यापुढे ठेवायची आणि आधी त्यांचा अंदाज लिहून घ्यायचा, मग शेतात जायचं. अंदाज बरेचदा बरोबर निघायचे आणि ते लिहिलेले अंदाजच पुढे आमच्या संगणकाला शिकवायच्या कामी आले.

पावसाळ्यात मात्र सेंटिनेल-२ आंधळा होतो. जुलै ते सप्टेंबर, आडसालीची लागण आणि कोवळी वाढ चालू असताना, वर ढगच ढग. तिथे सेंटिनेल-१ हा दुसरा उपग्रह लागतो. तो स्वतःच रडार लहरी सोडतो आणि परत येणारी लहर मोजतो, त्यामुळे ढग आणि रात्र त्याला आड येत नाहीत. २०१९ च्या आणि नंतर २०२१ च्या महापुरात कृष्णा, वारणा, पंचगंगेच्या काठावर नेमकं किती पाणी पसरलंय, हे अशा रडार प्रतिमांवरूनच लवकर दिसलं. शांत पाण्याचा पृष्ठभाग लहर दुसरीकडे परतवून लावतो, म्हणून पूर काळा दिसतो. पण उसाचे शेंडे पाण्यावर असतील, तर तिथे काळेपणा उमटत नाही. गुडघ्यापासून गळ्यापर्यंत बुडालेला ऊस नकाशावर कोरडा भासू शकतो आणि नुकसान तर त्यालाही होतं. पंचनाम्याला रडारचा नकाशा मदत करू शकतो, त्याची जागा घेऊ शकत नाही, हे मी तेव्हापासून प्रत्येक बैठकीत सांगत आले.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट वरून स्पष्ट दिसते. पांढरी पडलेली जमीन. अतिपाण्याने आणि निचऱ्याअभावी क्षार वर आलेलं रान नांगरून ठेवलं, की मिठाच्या सायीमुळे ते चकाकतं. शिरोळ, मिरज, वाळवा भागात हे क्षेत्र थोडं नाही. काही गावांनी जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून निचरा केला आणि तीच रानं पुन्हा पिकाखाली आली. एका शेतकऱ्याला हे एकट्याने करता येत नाही, कारण पाइपचं पाणी शेजाऱ्याच्या रानातून ओढ्याला न्यावं लागतं. काटेकोर शेतीचे कार्यक्रम एकेका शेतकऱ्याच्या फोनवर ॲप देऊन थांबतात, पण आपल्याकडचे मोठे प्रश्न असे शिवारभर पसरलेले असतात.

आता यंत्रांबद्दल. आमच्या भागात यंत्रमानव म्हणून जे खरोखर पोहोचलं, ते फवारणीचं ड्रोन. त्याची गरज पटवून द्यायला मला आकडे लागत नाहीत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे प्रत्येक गावाला माहीत आहे. उसात तर पाच-सहा महिन्यांनंतर पाठीवर पंप घेऊन शिरताच येत नाही. पानाची कड कापते, श्वास कोंडतो, फवारा स्वतःच्या तोंडावर येतो. तिथे वरून दहा लिटरच्या टाकीत एक एकर साधारण दहा मिनिटांत होतो. पाठपंपाला त्याच एकराला दीडशे-दोनशे लिटर पाणी लागलं असतं.

पण इतक्या कमी पाण्यात तेवढंच औषध म्हणजे द्रावण कितीतरी पटींनी तीव्र आणि थेंब बारीक. वारा उठला की ते कुठेही जातात. तासगाव-मिरज भागात ऊस आणि द्राक्षबाग शेजारीशेजारी असतात. उसातल्या रुंद पानांच्या तणांसाठी वापरतात ते २,४-डी द्राक्षवेलीला अत्यंत घातक. त्याचा वाऱ्यावर आलेला अंशही वेलीची पानं पंख्यासारखी वेडीवाकडी करतो. म्हणून बागेजवळच्या उसात ड्रोनने तणनाशक मारायचं नाही, हा आमचा पक्का नियम होता. सकाळचा वारा पडलेला वेळ, खाली तुती किंवा मधपेट्या आहेत का याची चौकशी आणि शेजाऱ्याला आदल्या दिवशी निरोप, एवढं झाल्याशिवाय उड्डाण नाही.

'नमो ड्रोन दीदी' योजनेतून बचत गटांच्या बायका ड्रोन चालवू लागल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर शिवारात हिंडायला मिळालं. परवाना, प्रशिक्षण, नियम यांत त्या कुठेही कमी पडत नाहीत. अडचण दुसरीच आहे. उडणं दहा मिनिटांचं आणि त्याआधीची तयारी अर्ध्या तासाची. पाणी आणायचं, औषध मिसळायचं, बॅटऱ्या जनरेटरवर लावायच्या, शेताची हद्द आखायची, विजेच्या तारा पाहायच्या. वीस गुंठ्यांसाठी एवढं केलं तर भाड्यात डिझेलही निघत नाही. हिशेब जुळतो तो सलग पंधरा-वीस शेतकऱ्यांनी एकाच दिवशी फवारणी ठरवली तर. आणि ते ठरवायचं म्हणजे बांधाला बांध असलेल्या, वर्षानुवर्षं न बोलणाऱ्या भावकीला एकत्र बसवायचं. एक ड्रोन दीदी मला म्हणाली, "ताई, ड्रोन शिकायला दिवस लागले थोडे. ह्या दोघा भावांना एका तारखेवर आणायला अख्खा हंगाम गेला."

चाकांवर चालणारा, तण ओळखून काढणारा यंत्रमानवही आम्ही रानात चालवून पाहिला. जर्मनीत अशाच कामासाठी बॉन विद्यापीठाने 'बोनिरोब' या यंत्रमानवाला शुगर बीटच्या शेतात फिरवून हजारो छायाचित्रं जमवली. तिथे बीटचं पान रुंद, ओळी सरळ आणि मधली माती उघडी. आमच्या सरीत पाचट अंथरलेलं, ओल्या काळ्या रानात चाक रुतणारं आणि तण म्हणजे कुंदा, हराळी, लव्हाळा. महिन्याचा ऊस आणि कुंदा शेजारी उभे राहिले तर नवखा माणूसही फसतो, दोन्ही गवतच. शिवाय वरंब्यावर बाईने आपल्या घरापुरती मेथी, कोथिंबीर, चार कांदे लावलेले. यंत्राच्या लेखी ते सगळं तण. इथल्या रानात चालणारं यंत्र हवं असेल, तर त्याला इथल्याच सरीतली छायाचित्रं दाखवून आणि खुरपणाऱ्या बायकांकडून एकेक रोप ओळखवून घेऊन शिकवावं लागेल. त्या ओळखीचे पैसेही त्यांना मिळायला हवेत.

हंगाम जवळ आला, की नकाशाला वेगळीच किंमत येते. पक्व होताना उसातलं पाणी आणि हिरवेपणा कमी होतो, तो वरून टिपता येतो. त्याला रसातली गोडी मोजणाऱ्या ब्रिक्स मीटरची जोड दिली, की कोणत्या शिवाराचा साखर उतारा आधी चांगला मिळेल याचा अंदाज बांधता येतो. आमचा असा नकाशा तयार झाला आणि बराच काळ कार्यालयातच राहिला. तोडणीचा क्रम ठरवताना लागणीची तारीख, टोळी कुठे उतरलीय, रस्ता वाळलाय का आणि कोण कुणाचा आहे, हे सगळं जमेस धरलं जातं. शेतकऱ्याला विचारावंसं वाटणारच की माझा ऊस पक्व आहे हे तुम्हाला कळलं, तर मला का नाही कळवलं? मी हा प्रश्न लावून धरला. शेवटी एवढं मान्य झालं, की प्रत्येकाला स्वतःचं शेत आणि गावाची सरासरी फोनवर दिसेल, दुसऱ्याचं शेत दिसणार नाही. तोडणीच्या राजकारणात त्याने फार फरक पडला नाही. पण पुढच्या लागणीला पाण्याचा आणि खताचा हिशेब करताना लोक ती सरासरी पाहू लागले.

आता या क्षेत्रात पैसा येतो आहे. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या साथीने उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला, त्याची जगभर चर्चा झाली. राज्य सरकारने २०२५ मध्ये 'महाॲग्री-एआय' धोरण मंजूर करून त्यासाठी पाचशे कोटींची तरतूद केली. चांगलंच आहे. पण माझ्या अनुभवात उपग्रहाची प्रतिमा फुकट होती आणि संगणकाचं गणित दर वर्षी स्वस्त होत गेलं. महाग राहिला तो लाल डागापर्यंत चालत जाऊन, कुदळीने माती उकरून कारण सांगणारा माणूस. आमच्याकडे तो माणूस हंगामी होता. अंदाजपत्रकात सॉफ्टवेअरला जागा मिळायची आणि त्याच्या पेट्रोलला मिळायची नाही. जिथे तो गेला, तिथे नकाशाने शेतकऱ्याचं औषध, पाणी, खत वाचवलं. जिथे तो गेला नाही, तिथे नकाशा भिंतीवर शोभला.

म्हणून तुमच्या गावात, कारखान्यात किंवा शेतकरी कंपनीत कुणी उपग्रहाचं ॲप किंवा ड्रोनची योजना घेऊन आलं, तर रंगीत चित्रं जरूर बघा. मग विचारा, लाल डाग दिसल्यावर माझ्या रानात कोण येणार, किती दिवसांत येणार आणि त्याचा पगार कोण देणार. ही तीन उत्तरं करारात लिहून मिळाली, तरच पैसे मोजा.